रियुनियनचा रस्ता समुद्रात का नेला, आणि आपल्याकडं तसंच करावं का?

निपाणीच्या एका डिप्लोमा सिव्हिलच्या पोराने विचारलंय: रियुनियन बेटावरचा समुद्रातून जाणारा हायवे व्हिडिओत बघितला, शेजारी एवढा डोंगर असताना रस्ता पाण्यात का नेला, बोगदा का मारला नाही, इतके पैसे घालून काम अर्धवट का राहिलं, आणि आपल्या कारवार-अंकोला पट्ट्यात दरडी पडतात तिथं असंच का करत नाहीत.

तू वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी बेळगावचाच, रस्त्याच्या कामातच आयुष्य गेलंय, घाटातलं कटिंग, रिटेनिंग वॉल, आणि गोवा-कारवार बाजूला समुद्राच्या कडेचं दगडी पिचिंग (लाटेनं कड धुपू नये म्हणून बसवलेला दगड) हे रोजचं काम. रियुनियनच्या त्या कामावर मी नव्हतो, पण आमच्या लाइनमधल्या कुणीही बारकाईनं अभ्यासावं असं ते काम आहे आणि मी ते सुरू झाल्यापासून बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे प्रश्न पूल की बोगदा असा नाहीच. वरून डोंगर पडतोय आणि खालून लाट येतेय, तर यातल्या कुठल्या धोक्याशेजारी पुढची शंभर वर्षं राहायचं, हा तिथला प्रश्न. आणि ते एकदा ठरलं की दुसरा प्रश्न येतो जो कुणी व्हिडिओत दाखवत नाही, तो म्हणजे एवढा दगड कुठून आणायचा. त्या रस्त्याचं निम्मं दुखणं दगडाचंच आहे.

आधी जागा समजून घे. रियुनियन हे हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी, फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. आकारानं आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही लहान, पण मधला पितों दे नेज डोंगर तीन हजार मीटरच्या वर. म्हणजे सगळी वस्ती कडेकडेनं, किनाऱ्याला धरून. राजधानी सेंट-डेनिस आणि विमानतळ उत्तरेला, बंदर पश्चिमेला, आणि या दोघांच्या मध्ये डोंगराचा सरळ कडा समुद्रात उतरलाय, काही ठिकाणी दोनशे मीटर उंच. बंदरावर उतरलेला माल राजधानीत न्यायचा तर हा कडा ओलांडायलाच पाहिजे. वरून डोंगरातला एक जुना वळणावळणाचा रस्ता आहे पण त्यावरून रोजची साठेक हजार वाहनं जाऊ शकत नाहीत.

१९६३ ला त्यांनी कड्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या अगदी काठावर दोन लेनचा रस्ता काढला, १९७६ ला त्याचा चार लेनचा केला, आणि तेव्हापासून दगड पडायलेत. लोक मेलेत. मार्च २००६ ला एका झटक्यात सुमारे तीस हजार घनमीटर कडा खाली आला, त्यात दोघं गेले. तीस हजार घनमीटर म्हणजे किती ते दहा चाकी टिपरच्या हिशोबानं काढून बघ, हजारो खेपा होतात. पाऊस जास्त झाला की डोंगराकडच्या लेन बंद करायच्या आणि समुद्राकडच्या लेनवरून दोन्ही दिशांची वाहतूक सोडायची, हा तिथला वर्षानुवर्षांचा नेम. विचार कर, राजधानी आणि बंदर यांना जोडणारा एकमेव मोठा रस्ता, आणि पावसाचं माप बघून अर्धा बंद.

आणि पाऊस कसला. चोवीस तासांत पडलेल्या पावसाचा जगाचा विक्रम याच बेटाच्या नावावर आहे, जानेवारी १९६६ ला चक्रीवादळात फोक-फोक नावाच्या ठिकाणी १,८२५ मिलिमीटर. आपल्या कणकुंबी-जांबोटीच्या माणसाला पावसाचं काही सांगायला नको पण एका दिवसात एक मीटर ऐंशी सेंटीमीटर हे कणकुंबीकरालाही ऐकून गप्प व्हायला लावेल. (तिकडं दक्षिण गोलार्ध, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हे वादळाचे महिने, आपल्या जूनसारखे.)

आता कडा का पडतो ते बघू, कारण इथं आपला आणि त्यांचा संबंध फार जवळचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचं मत असं की सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागं दख्खनचा काळा पत्थर ज्या तप्त जागेतून वर आला त्याच जागेवर आज रियुनियनचा ज्वालामुखी धुमसतोय, जमीन सरकत उत्तरेला आली आणि ती जागा खाली राहिली. त्या दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिणेची कड आपल्या बेळगावपाशी येऊन संपते. म्हणजे आपल्याकडच्या क्रशरवर जो काळा दगड फुटतोय तो आणि तिथल्या कड्याचा दगड एकाच चुलीतला. हे मला मनापासून भारी वाटतं, आणि नुसतं भारी नाही, कामाचं पण आहे. कारण लाव्ह्याचे थर एकावर एक बसतात आणि दोन कठीण थरांच्या मध्ये राखेचा, पोकळ दगडाचा किंवा भाजलेल्या लाल मातीचा मऊ थर राहतो. आंबोली घाटात कटिंगमध्ये अशी तांबडी पट्टी बघायला मिळते. पाणी वरच्या फटीतून उतरतं, मऊ थरापाशी अडतं, आडवं बाहेर पडतं, मऊ थर धुपत आत जातो आणि वरचा कठीण थर अधांतरी राहतो. मग एक दिवस तो उभ्या भेगेतून सुटतो. दगड कठीण आहे म्हणून कडा पक्का, असं समजणारे बरेच भेटतात, पण कठीण दगडच मोठा तुकडा होऊन पडतो, मऊ असता तर माती होऊन हळूहळू आला असता.

मग जाळ्या मारून भागत नाही का? तिथं जाळ्या मारल्याच होत्या, खाली दगडी पेट्यांची भिंत पण होती. पण हिशोब करून बघ. दोनशे मीटरवरून सुटलेला दगड, मध्ये कुठं आपटला नाही असं धरलं तर, खाली येईपर्यंत ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. एक घनमीटरचा काळा दगड म्हणजे पावणेतीन-तीन टन, त्याची ऊर्जा साडेपाच हजार किलोज्यूलच्या आसपास जाते. दगड अडवायच्या चांगल्या जाळ्या एवढं पेलतात, पण त्या महाग, आणि हा झाला एक दगड. तीस हजार घनमीटर पुढं कुठली जाळी? माझ्या कामात मी हे असं धरतो: फुटबॉलएवढ्या दगडाला जाळी, कपाटाएवढ्या दगडाला बोल्ट आणि जाळी, आणि अख्खा कडा सुटायची शक्यता असेल तर फक्त अंतर. अंतराला पर्याय नाही. आणि अंतर घ्यायला डोंगराच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ते समुद्रात गेले.

बोगद्याचं म्हणशील तर तिथं बोगदा होता की! १८८२ ला रेल्वे सुरू झाली तेव्हा याच डोंगरातून दहा किलोमीटरच्या वर बोगदा काढला होता, म्हणजे डोंगर पोखरता येत नाही असं नाही. पण एका छोट्या आगगाडीला लागणारं भोक वेगळं आणि सहा लेनच्या हायवेला लागणारं वेगळं. हायवेला दोन स्वतंत्र नळ्या, मध्ये ठराविक अंतरावर सुटकेचे आडवे मार्ग, धूर काढायला पंखे, आग लागली तर पाणी, चोवीस तास कंट्रोल रूम. आणि वर सांगितलं ना, थराथरात पाणी भरलेलं, त्यात शिरलं की पंप कधी बंद होत नाहीत. बोगद्याचा बांधायचा खर्च सगळे धरतात पण तो दर महिन्याला चालवायचा खर्च कुणी धरत नाही. तरीपण मी असं म्हणणार नाही की बोगदा चूकच ठरला असता, कारण आत्ता समुद्रात जे झालं ते बघून तिथल्या लोकांतही दोन मतं असणार.

आता समुद्र. एकूण नवा रस्ता साडेबारा किलोमीटरचा. त्यातला सेंट-डेनिसकडचा मोठा भाग म्हणजे ५,४०० मीटरचा पूल, किनाऱ्याला समांतर, कड्यापासून लांब, आणि उरलेला बराचसा भाग समुद्रात दगडाचा भराव टाकून त्यावर रस्ता, असा मूळ बेत. पुलाला ४८ खांब. खांबाचा पाया किनाऱ्यावरच्या यार्डात आख्खा ओतायचा आणि समुद्रात नेऊन बसवायचा, त्यासाठी झुरित नावाचं आठ पायांचं एक जहाज खास बांधून घेतलं, ते आपले पाय समुद्राच्या तळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलतं आणि ४,८०० टनांपर्यंत वजन खाली सोडतं. असं का केलं? कारण उसळत्या पाण्यात तरंगत्या जहाजावरून हजारो टनांची वस्तू अचूक जागेवर बसवणं फार अवघड. आणि दुसरं, काँक्रीट जमिनीवर निवांत ओतलं तर कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, बरोबर मिळतं. समुद्राच्या कामात कव्हर म्हणजे जीव आहे, रे. जिथं लाट उडते आणि परत वाळते त्या पट्ट्यात मीठ आत शिरतं, सळीला पोचलं की गंज फुगतो आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. कारवार-माजाळी बाजूला जुन्या मोऱ्यांच्या पोटाकडं खालून बघ, सळी उघडी पडलेली दिसेल, बहुतेक ठिकाणी कारण एकच, कव्हर ब्लॉक नीट न बांधता ओतलेलं काँक्रीट.

पुलाखालून लाट निघून जाते, भरावावर मात्र लाट आदळते. हा फरक लक्षात ठेव कारण सगळी गोष्ट इथं फिरते. भरावाच्या तोंडावर जो दगड बसवायचा त्याचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणं वाढतं, हडसनचा फॉर्म्युला म्हणतात, तुला पुढच्या वर्षी येईल. म्हणजे दोन मीटर लाटेला समज एक टनाचा दगड पुरतो, तर चार मीटर लाटेला आठ टनाचा लागणार, दुप्पट नाही, आठपट. वादळात तिथं दहा मीटरच्या लाटा धरून काम करावं लागतं. त्या मापाचा सुट्टा दगड कुठल्याच खाणीत मिळत नाही, म्हणून तोंडावर अॅक्रोपोड बसवले, म्हणजे काँक्रीटचे असे आकार जे एकमेकांत अडकून बसतात. मुंबईत मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड बघितले असशील, त्याच खानदानातले, नंतरचे. ते वजनापेक्षा अडकण्यावर चालतात म्हणून कमी वजनात काम होतं. पण त्यांच्या खाली मधल्या मापाच्या दगडाचा थर लागतो, त्याच्या खाली गाभ्याला लहान-मोठा दगड लागतो, आणि हा सगळा मिळून कोटीच्या वर टन.

आता हा दगड कुठला? इथं मला जरा रेंगाळायचंय कारण डिझाइनवाले इथंच गप्प असतात. आपल्याकडं क्रशरला दगड लागतो तो बारीक. म्हणून खाणवाला भोकं जवळजवळ मारतो, सुरुंगाची दारू भरपूर भरतो, धडाका झाला की सगळं तोडलेलं पाहिजे, जेवढं बारीक तेवढं मशीनला सोपं. समुद्राला लागतो तो मोठा, न तडकलेला दगड. त्याला भोकं लांब लांब, दारू कमी, आणि एवढं करूनही शंभर टन फोडले तर हवा तो मोठा माल त्यातला थोडासाच निघतो, बाकी सगळा लहान. त्या लहान मालाचं काय करायचं हे आधी ठरवलं नसेल तर खाणीत ढीग साचतात आणि खाणवाला भाव वाढवतो. आम्ही पिचिंगचा दगड घेताना खाणीवरच जाऊन घणानं ठोकून घेतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत तडा आहे, तो टिपरमधून पडतानाच दोन होणार आणि अर्ध्या वजनाचा दगड लाटेपुढं टिकत नाही. ओला करून पण बघतो, पाच-दहा मिनिटांत पृष्ठभाग वाळतो पण तडा ओला राहतो, काळी रेघ दिसते. ही तपासणी फुकट आहे, लॅबच्या आधीची आहे, आणि हिनं बरेच टिपर परत गेलेत.

रियुनियनला नेमकं हेच अडलं. अख्खं बेट दगडाचं, पण खाण काढायची म्हटलं की कुणाच्या तरी गावाशेजारी काढावी लागते. सेंट-लू भागात बोआ-ब्लां इथं मोठी खाण काढायचा बेत होता, तिथल्या लोकांनी विरोध केला, कोर्टकचेरी झाली, खाण काही झाली नाही. शेतातून वेचून बांधाला रचलेले दगड पण गोळा करून वापरले. मला त्या गावकऱ्यांचं चुकलं असं वाटत नाही. आपल्याकडं खाणीच्या शेजारच्या गावात जाऊन बघ, घरांच्या भिंतींना तडे, पत्र्यावर धूळ, विहिरीचं पाणी खाली. रस्ता राजधानीच्या लोकांचा आणि सुरुंग आपल्या दाराशी, तर कोण हो म्हणेल? ही गोष्ट टेंडर काढायच्या आधी सोडवायची असते. दगडाची खाण हातात नसताना भरावाचं डिझाइन मंजूर करणं, हे माझ्या मते त्या प्रकल्पातलं सगळ्यात कच्चं पान.

परिणाम काय झाला तर पूल झाला, ऑगस्ट २०२२ ला आधी एका दिशेनं आणि २०२३ ला दुसऱ्या दिशेनं सुरू झाला, पण भरावाचा मधला सुमारे अडीच किलोमीटरचा तुकडा राहिला, आणि शेवटी तिथं भराव सोडून पूलच करायचं ठरलं. तोवर गाड्या नव्या पुलावरून येतात आणि ग्रांद-शालूप नावाच्या जागेपाशी परत त्याच जुन्या कड्याखालच्या रस्त्यावर उतरतात. खर्च सुरुवातीला १.६६ अब्ज युरो धरला होता, तो दोन अब्जांच्या पुढं गेला. आपल्या पैशात अठरा-वीस हजार कोटी, नऊ लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या बेटाला.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: कडा थांबवता येत नव्हता म्हणून अंतर घेतलं, अंतर फक्त समुद्रात मिळत होतं, समुद्रात पुलाला दगड कमी लागतो आणि भरावाला प्रचंड, आणि जिथं दगड लागणार होता तिथंच काम अडलं.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आपल्याकडं का नाही. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला जे झालं ते तुझ्या डोक्यात असणार, माझ्याही आहे. बेळगावहून तिकडं जाणारी आपली किती माणसं, किती लॉऱ्या. पण शिरूरला परिस्थिती वेगळी आहे. तिथं एका बाजूला कापलेला डोंगर, पायथ्याला हायवे, आणि पलीकडं गंगावळी नदी. तो दोनशे मीटरचा उभा काळा कडा नव्हे. त्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी वर जांभा आणि खाली कुजून मऊ झालेला दगड आणि माती, असा माल. अशा डोंगराचा उतार कमी करता येतो, पायऱ्या करता येतात, पाणी काढता येतं. काळ्या कड्याला हे उपाय चालत नाहीत, जांभ्याच्या डोंगराला चालतात, पण त्यासाठी रस्त्याच्या वरची जमीन घ्यावी लागते. चौपदरीकरणात जमीन कमीत कमी घ्यायची म्हणून डोंगर उभा कापला जातो, हे मी ठिकठिकाणी बघत आलोय. उभ्या कापाला पुढं कितीही भिंती बांधा, वरचं पाणी आत मुरतच राहतं.

म्हणून समुद्रात पूल नेण्यापेक्षा त्या पैशाच्या लहानशा हिश्श्यात डोंगराच्या वरची जमीन मालकाला चांगला भाव देऊन घेता येते, उतार पसरट करता येतो. शिवाय आपली किनारपट्टी त्यांच्यासारखी एकसलग कड्याची नाही, मध्ये मध्ये खाड्या आहेत, सपाट भाग आहेत, डोंगर तुकड्या-तुकड्यानं पाण्याला भिडतो. कुठं रस्ता शंभर मीटर सरकवून काम होईल, कुठं लहान बोगदा बरा, कुठं नुसतं पाणी वळवलं तरी पुरे. प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं येणार आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी बोअर मारून बघायला पाहिजे. ते न बघता "समुद्रात पूल करा" म्हणणं जेवढं चूक तेवढंच "जाळी मारा" म्हणणं पण.

पाणी वळवणं हे फार कमी लेखलं जातं म्हणून सांगायलोय. कापलेल्या डोंगराच्या डोक्यावर, कडेपासून थोडं मागं एक पक्की चर पाहिजे, ती पावसाआधी साफ पाहिजे, आणि भिंतीला जी भोकं ठेवलेली असतात ती वाहती पाहिजेत. चोर्ला घाटातनं जाशील तेव्हा जुलैत गाडी सुरक्षित जागी लावून भिंतीकडं बघ. बाहेर धो धो पाऊस आणि भिंतीची भोकं कोरडी असतील तर पाणी भिंतीमागं तुंबलंय असं धरून चालायचं. आणि भोकातून गढूळ लाल पाणी येत असेल तर मागची माती वाहून चाललीय, ते त्याहून वाईट. स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत आपलं काम करतेय. डोंगराच्या डोक्यावर जमिनीला लांब भेग दिसली, झाडं रस्त्याकडं कललेली दिसली, रस्त्यावर ताजा फुटलेला लहान दगड रोज सकाळी सापडायला लागला, तर तिथं थांबायचं नाही, चहाची टपरी तर अजिबात टाकू द्यायची नाही.

तुला प्रोजेक्टला विषय हवा असेल, आणि बहुतेक म्हणूनच विचारलं असावंस, तर रियुनियनच्या पुलाचं मॉडेल करू नकोस, ते सगळे करतील. खानापूर-जांबोटी-चोर्ला मार्गावरचा एकच वळणाचा तुकडा घे, दोनशे मीटरचा. त्याच्या वरची चर, भिंतीची भोकं, थरांची दिशा, पाणी कुठून येतं कुठं जातं, हे जूनच्या आधी एकदा आणि जुलै-ऑगस्टला दोनदा मोजून नकाशावर घाल. आणि जवळच्या एखाद्या खाणीवर जाऊन मालकाला विचार की दोन टनाचा न तडकलेला दगड महिन्याला किती देऊ शकशील आणि काय भावानं. तो काय सांगतो ते रिपोर्टात लिही, गाईडला पटो न पटो. जाताना हेल्मेट घाल, एकटा जाऊ नकोस, आणि सुरुंगाची वेळ आधी विचारून जा, बहुतेक खाणींवर ती ठरलेली असते.